चाकांची पिशवी: मंडईपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत

आमच्या घरचा शनिवारचा बाजार मी एकदा काट्यावर घातला. कांदे ३ किलो, बटाटे २, टोमॅटो १, दुधी आणि कोबी मिळून २, गाजरं १, मेथी-पालक-कोथिंबीर मिळून किलोभर, सोललेले नारळ दोन आणि डझनभर केळी. साडेबारा किलो भरले. माझी बायको हे सगळं पंचवीस वर्षं दोन कापडी पिशव्यांत भरून, दोन हातांत तोलत पुण्यातल्या मंडईपासून सदाशिव पेठेतल्या घरापर्यंत आणत होती आणि वर दोन जिने चढत होती. मी तेव्हा दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. सकाळी लवकर घर सोडायचो. त्या पिशव्यांचं वजन मला कधी कळलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१९ साली हिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, स्वतःची वेणी घालता येईना. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं, की या हाताने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. मी नुकताच निवृत्त झालो होतो. बाजार माझ्याकडे आला आणि मुलीने एक चाकांची पिशवी आणून दिली. लोखंडी सांगाडा, त्यावर कापडी पिशवी, खाली दोन चाकं, वर दांडा. कोणी हिला शॉपिंग ट्रॉली म्हणतं, कोणी ट्रॉली बॅग. तेव्हापासून मी ती ओढतोय. पहिली चार महिन्यांत मोडली. दुसरी अजून चालू आहे. या दोघींनी जे शिकवलं ते सांगतो. कारण ओळखीची बरीच माणसं ट्रॉली घेतात, महिनाभर ओढतात आणि मग ती गॅलरीत कुंड्यांच्या मागे जाऊन बसते. ट्रॉली बहुतेक वेळा ठीक असते. घेताना आणि वापरताना काही गोष्टी राहून जातात.

पहिली गोष्ट चाक. दुकानात लोक पिशवीचा रंग बघतात, कप्पे मोजतात. तुम्ही आधी ट्रॉली आडवी करा आणि चाक बघा. पहिल्या ट्रॉलीची चाकं ४ इंचांची होती, कडक प्लॅस्टिकची. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती लोण्यासारखी पळाली. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक फटीत ती अडकायची. यामागे साधं गणित आहे. समोर आडवा आलेला काठ चाकाच्या निम्म्या व्यासाइतका उंच असला, तर ते चाक नुसतं पुढे ओढून वर चढत नाही, कितीही जोर लावा. उचलावंच लागतं. ४ इंचांच्या चाकाचा निम्मा व्यास २ इंच. म्हणजे २ इंचांचा काठ आला, की गाडी थांबली. आणि त्याहून कमी, एखाद्या इंचाच्या काठालाही छोट्या चाकाला मोठ्या चाकापेक्षा पुष्कळ जास्त ओढ लागते. ती ओढ कुठून येते? खांद्यातून. ज्या खांद्याला वाचवायला ट्रॉली घेतली, त्यालाच हिसके.

आत्ताच्या ट्रॉलीची चाकं ७ इंचांची आहेत. वर रबराचा पट्टा आहे, त्यामुळे आवाजही कमी. सकाळी साडेसहाला गल्लीतून निघताना ही गोष्ट महत्त्वाची वाटते, लोक झोपलेले असतात. ६ इंचांपेक्षा लहान चाकाची ट्रॉली आपल्याकडच्या रस्त्यांसाठी घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

जिना चढायला म्हणून तीन-तीन चाकांच्या त्रिकोणाची ट्रॉली मिळते. पायरी आली की त्रिकोण फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर बसतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होती, मी पंधरा दिवस वापरून पाहिली. नव्या इमारतीत, जिथे सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या असतात, तिथे ती खरंच उपयोगाची आहे. आमचा जिना जुना. पहिली पायरी ५ इंच, मधल्या ८, वळणावरच्या तिरक्या. त्रिकोण कधी बसायचा, कधी निसटायचा. शिवाय त्यातलं एकेक चाक लहान असतं आणि सपाट रस्त्यावर चालताना टेकलेली असतात ती तीच लहान चाकं. तुमचा जिना आधी टेपने मोजा आणि मग ठरवा.

चाकानंतर आस. चाकं ज्या सळईवर बसतात ती सळई बोटाने दाबून बघा, वाकत नाही ना. चाकाच्या बाहेरच्या बाजूला बहुतेक ट्रॉल्यांना पत्र्याची एक टोपी ठोकून बसवलेली असते. पहिल्या ट्रॉलीची ती टोपी भर बाजीराव रस्त्यावर, ओलांडताना निघाली. चाक एकीकडे, मी एकीकडे, बटाटे रस्त्यावर. एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून मागची वाहनं थोपवली, दोन कॉलेजच्या मुलींनी बटाटे वेचून दिले. दुसरी ट्रॉली घरी आणल्या दिवशीच मी त्या टोप्या काढल्या, आसाच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, वॉशर घातले आणि स्प्लिट पिना, म्हणजे भोकातून घालून टोकं दोन बाजूंना वाकवायच्या पिना, बसवल्या. तुमच्याकडे ड्रिल नसेल तर कोणताही सायकल दुरुस्तीवाला किंवा फॅब्रिकेशनवाला हे काम करून देईल. मोठं काम नाही, पण बाजारात नेण्याआधी करून घ्या.

तिसरी तळाची पाटी. पिशवीचा तळ नुसता कापडाचा किंवा पातळ पुठ्ठ्याचा असला तर वजनाने तो खाली लोंबतो, चाकाला घासतो आणि महिन्याभरात कापडाला भोक पडतं. मी सुताराकडून प्लायवुडचा तुकडा तळाच्या मापाने कापून घेतला, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि आत टाकला. पिशवी ताठ उभी राहते, कांद्याची सालं झटकायलाही सोपं. पिशवी सांगाड्यावरून सुटी निघणारी हवी, हे मात्र विकत घेतानाच बघा, ते नंतर करता येत नाही. का ते जिन्याच्या वेळी सांगतो.

आता दांडा. दांड्याची उंची ज्याची त्याला लागते. सरळ उभं राहून हात सैल सोडा. ट्रॉली चालताना जशी कलते तशी कलवा. दांडा तुमच्या हातात कोपर किंचित वाकलेलं असताना यायला हवा. मी ५ फूट ७ इंच, ही जेमतेम ५ फूट. माझ्या उंचीचा दांडा हिने धरला की तिचा खांदा वर उचलला जातो आणि रात्री तोच ठणकतो. दांड्याला दोन-तीन उंचींची भोकं असणारी ट्रॉली घ्या, विशेषतः घरात दोघं वापरणार असतील तर.

आणि दांडा धरायचा कसा, हे कोणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. बहुतेक माणसं ट्रॉली पाठीमागे ओढतात आणि तळवा मागच्या बाजूला फिरवून धरतात. तसा हात फिरवला की खांदा आतून पिळला जातो. हिच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मला हे दाखवून दिलं. तळवा मांडीकडे, अंगठा पुढे, हात कमरेच्या बाजूला, फार मागे नाही. ट्रॉली अगदी पाठीमागे न ठेवता थोडी बाजूला ठेवा. आणि हात बदला. मी कुमठेकर रस्त्याने शनिपारापर्यंत जातो आणि तिथून बाजीराव रस्ता ओलांडून मंडईत. शनिपारापर्यंत उजवा हात, तिथून पुढे डावा. येतानाही तसंच. रस्त्यातली एखादी खूण ठरवून टाकली की विसरत नाही. हात दुखायला लागल्यावर बदलू म्हटलं तर तोपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रॉली किती कलवायची याचंही एक ठिकाण असतं. ती हळूहळू कलवत न्या. एका जागी हातावरचं वजन जवळजवळ नाहीसं होतं. तेव्हा सगळा भार बरोबर आसाच्या वर आलेला असतो आणि जमीन तो पेलते. त्याहून जास्त कलवली की दांडा खाली हातावर भार टाकतो. कमी कलवली की ती पुढे पडायला बघते. ही जागा दर वेळी भरल्यावर शोधायची, कारण ती आत काय कुठे ठेवलंय त्यावर बदलते. जड सामान तळाशी आणि आसाच्या बाजूला, म्हणजे मागच्या सांगाड्याला टेकून ठेवलं, की ही जागा पटकन सापडते आणि टिकते. जड सामान वरच्या भागात गेलं की जरा खड्डा आला तरी हिसका मनगटाला.

त्यामुळे खरेदीचा क्रम बदलावा लागतो, आणि माझ्या मते ट्रॉलीचं निम्मं कसब इथेच आहे. पिशवी उभी असते. जे आधी घ्याल ते तळाशी जाणार. मंडईत शिरल्या शिरल्या समोर कोवळी मेथी दिसते, ओलं आलं दिसतं, आणि हात तिकडे जातो. पहिले काही आठवडे मी तेच केलं. घरी आल्यावर कोथिंबिरीची चटणी तळाशी तयार असायची. आता आधी फक्त बघत एक फेरी मारतो आणि भाव विचारून घेतो. मग कांदे-बटाटे, मग नारळ, दुधी, कोबी, भोपळा. मग गाजर, बीट, काकडी. मग वांगी, भेंडी, गवार. टोमॅटो घरून नेलेल्या स्टीलच्या कडीच्या डब्यात, म्हणजे वरून काही आलं तरी चेपत नाहीत. सगळ्यात शेवटी पालेभाजी, केळी आणि हिच्या पूजेची फुलं. केळी तर मी आतही ठेवत नाही. दांड्याला एक कापडी पिशवी अडकवतो, त्यात केळी आणि फुलं. पण त्या पिशवीत याहून जड काही जाऊ देत नाही, नाहीतर उभी केलेली ट्रॉली तोंडावर पडते.

मंडईच्या मावश्यांशी ओळख झाली की आणखी एक सोय होते. कोवळी मेथी आधी बघून ठेवली, तर मावशी दोन जुड्या बाजूला काढून ठेवतात. “काका, जाताना न्या,” म्हणतात. आणि मी जाताना नेतोच. एकदा ठेवायला सांगून दुसरीकडून घेतली, तर पुढच्या वेळी कोण ठेवणार?

भाज्या आत मोकळ्या टाकू नका. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा हिने जुन्या सुती साड्यांच्या आणि माझ्या धोतरांच्या पंधरा-वीस लहान पिशव्या शिवल्या होत्या, नाडी ओढून बंद होणाऱ्या. त्याच आता ट्रॉलीत जातात. प्रत्येक भाजीची एक. तराजूतून सरळ पिशवीत. घरी आल्यावर पालेभाजीची पिशवी ओली करून पिळून तशीच ठेवता येते, बाकीच्या धुऊन दोरीवर. ट्रॉली आतून स्वच्छ राहते ती यामुळे.

गिरणीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे मी एक चूक केली होती. ट्रॉलीत गव्हाचा डबा घालून दळायला नेणं ही तिची सगळ्यात मोठी सोय आहे, ५ किलो गहू हातात धरून चालणं नको वाटतं. पण दळलेलं पीठ गरम येतं, चांगलं हाताला चटका बसेल इतकं. एकदा मी येता येता तो डबा आत ठेवला आणि शेजारी पालक आणि दुधाच्या पिशव्या. घरी येईपर्यंत पालक मलूल आणि दूध कोमट. शिवाय डब्याचं झाकण घट्ट लावलेलं, त्याला आतून घाम आलेला, पिठात गुठळ्या. आता दळण वेगळ्या दिवशी, एकटं. झाकण किंचित तिरपं ठेवून वर फडकं बांधतो.

किराण्यासाठीही हाच विचार. तेलाची एक लिटरची पिशवी ९१० ग्रॅमची असते, तांदूळ, साखर, डाळी हे सगळं घट्ट आणि जड सामान. ते नीट रचलं तर ट्रॉलीला बाधत नाही. तेलाची पिशवी मात्र उभी आणि दोन मऊ वस्तूंच्या मध्ये. पाटीच्या कडेला लागून फुटली तर पिशवी तीन धुण्यांनीही वास सोडत नाही. मोठ्या दुकानात गेलात तर रिकामी ट्रॉली दाराशी सामान ठेवतात तिथे द्या. दुकानातला माल सरळ आपल्या ट्रॉलीत भरत फिरलं की उगाच गैरसमज होतात.

आता रस्ता. आपण एकटे चालतो तेव्हा आपल्या अंगाची जागा आपल्याला कळते. ट्रॉली मागे आली की मागे चार फूट शेपूट लागतं आणि ते आपल्याला दिसत नाही. मंडईची दगडी इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. आठ बाजूंची आहे, आत ओट्यांमधून वाटा आहेत, आणि त्या वाटांवरून माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन घाईने जातात. अशा ठिकाणी ट्रॉली मागे ओढत नेली की कोणीतरी अडखळणारच. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. म्हणून गर्दीत शिरताना ट्रॉली सरळ उभी करा, पुढे घ्या, आणि पायाच्या अगदी जवळ ठेवून हळूहळू सरकवा. भाजी घेताना ती ओट्याला चिकटून, वाटेच्या बाहेर. शनिवार-रविवारी संध्याकाळी इमारतीच्या आत मी ती नेतच नाही, बाहेरच्या बाजूच्या विक्रेत्यांकडून घेतो. गणपतीच्या दहा दिवसांत तर या भागात ट्रॉली फक्त सकाळी सात-साडेसातपर्यंत. त्यानंतर नेऊ नका, लोकांच्या पायात येते.

पैसे आणि मोबाइल ट्रॉलीच्या मागच्या कप्प्यात ठेवू नका. तो कप्पा तुमच्या पाठीमागे असतो. शर्टाच्या आतल्या खिशात किंवा कमरेला.

फूटपाथचा काठ चढताना थांबा. ट्रॉलीकडे तोंड करा, दोन्ही हातांनी दांडा धरा, दोन्ही चाकं काठाला एकदम टेकवा आणि मागे झुकून वर घ्या. एका हाताने, चालता चालता, तिरकं ओढलं की एकच चाक चढतं, सांगाडा पिळतो आणि कमरेत लचक भरते. उतरताना तुम्ही काठावरच थांबा आणि ट्रॉली आधी हलकेच खाली सोडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या निर्देशांत (आयआरसी १०३) फूटपाथची उंची जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर सांगितली आहे. मी माझ्या वाटेवरचे काठ स्टीलच्या टेपने मोजले. एक २३ सेंटीमीटरचा आहे, आणि एका ठिकाणी उताराच्या तोंडाशीच खांब उभा आहे. माझ्या ७ इंची चाकाचा निम्मा व्यास ९ सेंटीमीटर धरा. म्हणजे १५ सेंटीमीटरचा काठसुद्धा उचलूनच चढवावा लागतो, २३ चा तर सोडूनच द्या. म्हणून मी रस्ता लांबीवर ठरवत नाही, काठांवर ठरवतो. दोनदा उचलावं लागणारा लांबचा रस्ता सातदा उचलावं लागणाऱ्या जवळच्या रस्त्यापेक्षा बरा. पहिल्यांदा रिकामी ट्रॉली घेऊन एकदा दोन्ही रस्त्यांनी फिरून या आणि मोजा.

पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. मी त्या दिवशी मुद्दाम भरलेली ट्रॉली घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध चाललो. एका बोटावर चालत होती. दम नेमका कशाने लागतो ते मला त्या दिवशी कळलं. उरलेल्या दिवसांत निम्मी ताकद काठ, खड्डे आणि फूटपाथवर लावलेल्या दुचाक्यांना वळसे घालण्यात जाते. व्हीलचेअरवरच्या माणसाला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला हेच रोज होत असणार. मी पूर्वी कधी याचा विचार केला नव्हता.

माझी मेव्हणी कोथरूडला राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं, तेव्हापासून ती वनाझहून निघून जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून ट्रॉलीसकट मंडईला येते. तिला मी एकच गोष्ट निक्षून सांगितली आहे: ट्रॉली घेऊन सरकत्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही, लिफ्टच. वर पोचल्यावर चाक दातऱ्यांशी अडलं तर मागची माणसं थांबू शकत नाहीत.

आता जिना. ट्रॉली घेतलेली बहुतेक माणसं इथेच हरतात. रस्त्यावर १५ किलो हलके वाटतात, म्हणून माणूस आणखी एक कलिंगड घेतो, आणखी पाच किलो तांदूळ घेतो. ट्रॉलीला ते झेपतं. मग ती दाराशी येते आणि पुढे बावीस पायऱ्या असतात. मी पहिल्या वर्षी एकदा असा १८ किलोचा बाजार घेऊन जिन्याच्या वळणावर बसून राहिलो होतो, छाती धडधडत होती. त्या दिवसापासून एक हिशोब ठेवला: किती घ्यायचं ते जिना ठरवणार. तुम्हाला एका खेपेत आरामात जितकं वर नेता येतं, त्याच्या दुप्पट, फार तर. माझं ते एका खेपेला सव्वासहा किलो आहे, म्हणून मी साडेबाराच्या पुढे जात नाही. तुमचं ४ असेल तर ८. लिफ्ट असेल तरी हा आकडा माहीत असू द्या, वीज जाते तेव्हा उपयोगी पडतो.

भरलेली ट्रॉली पायरी-पायरीने धडधड ओढत वर नेऊ नका. खांदा, सांगाडा आणि पायऱ्यांच्या कडा, तिन्हीची वाट लागते. मी काय करतो ते सांगतो. खाली चौकात ट्रॉली भिंतीशी उभी करतो. वरच्या हलक्या पिशव्या काढून एका खांद्यावरच्या झोळ्यात घेतो आणि पहिली खेप वर. दार उघडं ठेवतो, पाणी पितो, मिनिटभर बसतो. मग खाली येऊन तळाचे कांदे-बटाटे आणि नारळ. रिकामा सांगाडा दुमडून शेवटी, तो अडीच किलोचा आहे. पिशवी सुटी निघायला हवी म्हटलं ते यासाठी. कधी वजन थोडंच असलं, तर पिशवी तशीच सांगाड्यावरून उतरवून दोन्ही पट्ट्यांनी धरून वर नेता येते.

कधी भरलेलीच वर न्यावी लागली, तर ती बाजूला, पण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली धरा, दुसरा हात कठड्यावर, आणि एक-एक पायरी थांबून. उलटं तोंड करून मागे मागे चढू नका, पाय चुकला तर सावरता येत नाही. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तुम्ही वर आणि ट्रॉली खाली असली पाहिजे. हातातून सुटली तर ती एकटीच जाईल, तुम्हाला घेऊन जाणार नाही. आणि खाली कोणी येत नाही ना, ते आधी बघा.

पावसाळ्यात दोन गोष्टी. साठलेल्या पाण्यातून ट्रॉली नेऊ नका, खाली खड्डा आहे की उघडी जाळी ते दिसत नाही. वळसा घ्या. आणि पिशवी वरून झाकली तरी चाकांचं पाणी खालून उडतं, म्हणून प्लायवुडच्या पाटीवर जाड प्लॅस्टिक घाला. घरी आलं की खाली नळावर चाकं धुवा, फडक्याने आस पुसा, पिशवी उलटी करून वाळवा. ओली पिशवी दुमडून दारामागे ठेवली तर तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि तो भाज्यांना लागतो.

महिन्यातून एकदा मी चाकं काढतो. दहा मिनिटांचं काम. तुम्हाला आश्चर्य वाटेल इतकं आसाभोवती गुंडाळलेलं असतं: सुतळी, लांब केस, गजऱ्याचे दोरे, पतंगाचा मांजा. चाक जड फिरतंय असं वाटलं की नव्वद टक्के वेळा हेच असतं. जुनी ब्लेड घेऊन कापून काढा, पण मांजा असेल तर बोटं जपा. मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. ग्रीस भरू नका. ग्रीसला धूळ चिकटते, तिची खळ होते आणि ती खळ आस खात जाते. वर्कशॉपमध्ये आमचे मिस्त्री नव्या पोरांना हेच पहिल्या आठवड्यात शिकवायचे, की तेल कुठे आणि ग्रीस कुठे. मुठीचं फोम दोन वर्षांत झिजतं, त्यावर सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली की झालं. पिशवीची शिवण उसवायला लागते ती नेहमी वरच्या दोन कोपऱ्यांत, जिथे ती सांगाड्याला अडकवलेली असते. तिथे नवी असतानाच चांभाराकडून चामड्याचे दोन तुकडे लावून घ्या.

हिचा खांदा भरून यायला दीड वर्ष लागलं. आता वेणी घालते, वरच्या फळीवरचा डबा काढते. गेल्या वर्षापासून बुधवारचा बाजार तिने पुन्हा स्वतःकडे घेतला आहे. “अहो, तुम्हाला वांगी कळत नाहीत,” असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. बुधवारी ती आठ किलोच्या वर आणत नाही, आणि जड पिशवी खालीच ठेवून मला हाक मारते. दांड्याच्या खालच्या भोकाभोवती मी लाल ऑइल पेंटचा ठिपका दिला आहे, वरच्याभोवती निळा. मंगळवारी रात्री ट्रॉली दारामागच्या खिळ्यावर टांगताना दांडा लाल ठिपक्यावर आणून ठेवतो, म्हणजे सकाळी तिला तो ओढून खाली करावा लागत नाही.